पाईपलाईन की टँकर? 'पर्याय' या शब्दाची चिकित्सा

(सोलापुरातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं ध्वनिमुद्रणावरून केलेलं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ मागे थांबले होते. टँकर चालवतात. पाकणीच्या डेपोतून डिझेल भरायचं आणि तालुक्यातालुक्यातल्या पंपांवर उतरवायचं, बावीस वर्षं हेच काम. मला म्हणाले, "सर, सगळे म्हणतात पाईपलाईन चांगली, टँकर वाईट. तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंय. हे चांगलं-वाईट ठरवलं कुणी आणि कशावरून, तेवढं सांगा." मी म्हटलं, उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही, पुढच्या वेळी सांगतो. आज ते आलेत. समोरच बसलेत. त्यामुळं आज सुटका नाही. (हशा)

विषय असा आहे. जमिनीतून निघणारं जड, घट्ट तेल अनेक विहिरींमधून गोळा करायचं असतं. ते टँकरनं गोळा करावं की पाईपलाईननं? तुम्ही म्हणाल, सोलापुरात तेलाची एक विहीर नाही, पाण्याच्यासुद्धा निम्म्या कोरड्या. मग हा विषय इथं कशाला? कारण हाच वाद आपण पाण्याच्या बाबतीत आयुष्यभर घालत आलोय. उजनीचं पाणी भीमेच्या पात्रात सोडायचं, ते टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत येणार आणि तिथून शहर उचलणार. इंजिनिअर म्हणतो, "नुकसान! वाटेत केवढं पाणी जिरतं!" नदीकाठचा शेतकरी म्हणतो, "जिरतं कुठं? माझ्या विहिरीत येतं की." पाणी तेच, वाट तीच. एकाच्या हिशोबात ती गळती आणि दुसऱ्याच्या हिशोबात ते पीक. आता पाईपलाईन टाकली की गळती थांबते. पण गळती थांबली याचा दुसरा अर्थ काय, हे हिशोबाच्या कुठल्या रकान्यात लिहायचं? एवढा प्रश्न मनात ठेवा. आता तेलाकडे जाऊ.

तीन विशेषणं

पाईपलाईनच्या बाजूनं बोलणारे तीन विशेषणं वापरतात. स्वस्त, सुरक्षित आणि स्वच्छ. मी त्यांचा विरोधक नाही, हे आधीच सांगतो. उलट बहुतेक वेळा ते बरोबर असतात. आपलंच उदाहरण घ्या. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर पाईपलाईन आहे. मुंबई–पुणे हा भाग १९८५ सालचा, पुढं ती पाकणीपर्यंत आली. एकूण लांबी ५०८ किलोमीटर, क्षमता वर्षाला ४३ लाख टन. मी साधा भागाकार केला. एका टँकरात वीस हजार लिटर धरलं, तर पूर्ण क्षमतेनं चालणारी ही पाईपलाईन रोजच्या सुमारे सातशे टँकरांचं काम करते. सातशे टँकर रोज बोरघाट चढतायत, पावसात, धुक्यात, आणि त्याच घाटातून आपली एसटी आणि आपली नातवंडं जातायत, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. पाईपलाईन हवी की नको असं मला तिथं विचारलं, तर मी दोन्ही हात वर करीन.

मग भांडण कुठं आहे? भांडण आहे ते एका उदाहरणावरून सरसकट नियम करण्याशी. 'जिथं पाईपलाईन तिथं स्वस्ताई, जिथं पाईपलाईन तिथं सुरक्षितता.' नैयायिक याला व्याप्ती म्हणतात. आणि व्याप्ती तपासायची एक फार सुंदर रीत त्यांनी देऊन ठेवली आहे. वर्गात मी ती तीस वर्षं शिकवली.

धूर आहे तिथं अग्नी आहे, हे खरं. पण उलटं खरं आहे का? अग्नी आहे तिथं धूर आहे? नाही. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडाचा गोळा बघा, अग्नी आहे आणि धूर नाही. धूर केव्हा होतो? सरपण ओलं असेल तर. ही जी मध्ये लपून बसलेली अट असते, 'ओलं सरपण', तिला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. एखादा नियम खोटा नसतो, त्याच्या पोटात उपाधी लपलेली असते. चिकित्सकाचं काम नियम मोडायचं नसतं, ती उपाधी बाहेर काढायचं असतं. आता तिन्ही विशेषणांची उपाधी शोधू.

स्वस्त: पण कशाच्या जोरावर?

पहिली पाईपलाईन कुठं झाली ती गोष्ट सांगतो, कारण आजचा सगळा वाद त्या गोष्टीत आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पिटहोल नावाचं गाव. १८६५ साल. तेल सापडलं आणि रानातल्या त्या जागी बघताबघता शहर उभं राहिलं. तेल विहिरीपाशी, रेल्वे पाच मैलांवर. मधला रस्ता म्हणजे गुडघाभर चिखल. पिंपं वाहणार कोण? घोडागाडीवाले. ते पिंपामागं तीन डॉलरपर्यंत मागायचे, आणि मिळायचे, कारण दुसरी वाट नव्हती. सॅम्युअल व्हॅन सिकेल नावाच्या माणसानं दोन इंच व्यासाचा लोखंडी पाईप टाकला, पाच मैल, आणि पिंपामागं एक डॉलर घेऊ लागला. गाडीवाल्यांनी काय केलं असेल? रात्री जाऊन पाईप उखडला. मग त्यानं बंदूकधारी पहारेकरी ठेवले. शेवटी पाईप जिंकला.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी लोक सांगतात. काही वर्षांत पिटहोलचं तेल संपलं आणि गाव ओस पडलं. घोडागाडीवाला काय करतो? घोडा वळवतो आणि पुढच्या गावी जातो. पाईपला वळता येत नाही.

ही स्वस्ताईची उपाधी आहे: भरपूर माल, एका जागी, पुष्कळ वर्षं. पाईपलाईनचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो, आणि टँकरचा रोज होतो. म्हणून टँकर म्हणजे रोजंदारी आणि पाईपलाईन म्हणजे लग्न. (हशा) रोजंदारी दिवसाला महाग पडते, मान्य. पण उद्या काम नसेल तर हिशोब मिटतो.

मुंबई हायच्या बाबतीत हे फार शहाणपणानं केलं गेलं. १९७४ साली तेल सापडलं, २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. किनारा सुमारे १६० किलोमीटर दूर. पाईपलाईन व्हायची वाट बघत बसले नाहीत, पहिली दोन वर्षं जहाजांनी तेल आणलं. तेवढ्यात साठा किती, टिकाऊ किती, याचा अंदाज पक्का झाला, आणि १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्राखालून पाईपलाईन आली. आधी वाहन, मग पाईप. वाहनानं पाईपचा पाया घातला. इथं टँकर हा पाईपलाईनचा शत्रू नव्हता, थोरला भाऊ होता.

आता जड तेलाचं बघू, कारण खरी मेख तिथं आहे. जड तेल म्हणजे काय? आपल्याकडं गुऱ्हाळावर काकवी पाहिली असेल. गरम असते तेव्हा धार लागते, गार झाली की डबा उपडा केला तरी हलत नाही. काही तेलं तशी असतात. आपल्या देशात गुजरातमध्ये मेहसाणा भागात संथाल आणि बलोल इथं असं जड तेल आहे. ते वर येईना म्हणून ओएनजीसीनं जमिनीखाली हवा सोडून तिथल्याच तेलाचा थोडा भाग पेटवला, म्हणजे बाकीचं पातळ होऊन विहिरीकडं सरकेल. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिथं हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. तेल काढायलाच जिथं जमिनीखाली चूल पेटवावी लागते, तिथं ते वाहून न्यायला काय करावं लागत असेल!

पाईपमधून घट्ट द्रव वाहतो त्याचा एक नियम आहे, पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. तेल दहापट घट्ट असेल तर त्याच वेगानं न्यायला दहापट दाब लागतो. आणि पाईपचा व्यास निम्मा केला, तर त्याच दाबाखाली वाहणारा माल निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. सोळाव्या! याचा अर्थ काय? मोठ्या जाड पाईपमधून पुष्कळ तेल लांब नेणं हे तुलनेनं सोपं. पण एकेका विहिरीपासून, रोज चार-दोन टँकर निघणाऱ्या विहिरीपासून, बारीक पाईपमधून ते गोळा करणं अवघड. नदी वाहून नेते तेव्हा कौतुक होतं, पण अवघड काम ओहोळांचं असतं. गोळा करणं आणि वाहून नेणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि 'पाईपलाईन स्वस्त' हे वाक्य दोघींना एकाच मापानं मोजतं. कॅनडात लॉइडमिन्स्टरच्या आसपास जड तेलाच्या अनेक विहिरींवर आजही टाक्या असतात आणि टँकर येऊन त्या रिकाम्या करतात. तेलाबरोबर वाळू येते. तिथले लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे, तिथं ओलं सरपण नाही म्हणून.

मग जड तेलासाठी पाईपलाईन करताच येत नाही का? येते. चार युक्त्या आहेत. तेल तापवा. त्यात पातळ द्रव मिसळा. पाण्याशी घुसळून दुधासारखं मिश्रण करा. किंवा पाईपच्या कडेनं पाण्याचा पातळ थर सोडा आणि मधून तेल सरकवा, म्हणजे तेल पाईपला शिवतच नाही. ही चौथी युक्ती ऐकायला गंमत वाटते, पण कॅलिफोर्नियात शेल कंपनीनं सुमारे ३८ किलोमीटर अंतरावर ती काही वर्षं चालवून दाखवली.

प्रत्येक युक्तीची किंमत आहे. पातळ द्रव मिसळायचा तर कॅनडात साधारण तीस टक्क्यांच्या आसपास मिसळतात. म्हणजे पाईपमधली जवळजवळ तिसरा हिस्सा जागा पाहुण्यानं अडवली. आणि तो पाहुणा परत आणायला दुसरी पाईपलाईन लागते.

तापवायचं उदाहरण आपल्या देशातलंच आहे. राजस्थानात बाडमेरचं मंगला क्षेत्र. शास्त्राच्या भाषेत हे तेल जड नाही, मेणट आहे, हा फरक लक्षात ठेवा. पण पाईपला त्रास तोच. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते ना, तसं हे तेल चाळीस अंशांच्याही वर थिजतं. म्हणजे आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात कदाचित वाहील, जानेवारीत नाव नको. २९ ऑगस्ट २००९ ला तिथं उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल गरम राहील अशा टँकरांतून ते गुजरातच्या किनाऱ्याकडे नेलं. २०१० मध्ये पाईपलाईन सुरू झाली, आणि पुढं ती भोगतच्या किनाऱ्यापर्यंत साधारण ६७० किलोमीटर झाली. पूर्ण लांबीभर विजेनं गरम ठेवलेली, वर उष्णतारोधक आवरण. जगातल्या सर्वांत लांब तापत्या पाईपलाईनींमध्ये तिचं नाव घेतात. अभियांत्रिकीचं मोठं काम आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. पण बघा, इथंही क्रम तोच. आधी टँकर, मग पाईप. आणि साठा मोठा होता म्हणून हे परवडलं. चार टँकरांची विहीर असती तर सहाशे किलोमीटर चूल पेटती ठेवायला कोण तयार झालं असतं?

सुरक्षित: पण कुणासाठी?

दुसरं विशेषण. टँकर उलटतात, पेटतात, माणसं मरतात. वाहिलेल्या मालाच्या हिशोबात पाईपलाईनचे अपघात कमी, हे खरं आहे. पण टँकरचा धोका सगळ्यांना दिसतो, आणि पाईपलाईनचा ज्याच्या शेतातून ती गेली त्यालाही दिसत नाही.

२७ जून २०१४. आंध्र प्रदेशातलं नगरम गाव. पहाटेची वेळ. गावाजवळून वायूची पाईपलाईन जात होती. पाईप गंजला होता, वायू पसरला आणि पेट घेतला. वीसहून जास्त माणसं गेली. झोपेत गेली. टँकर दिसला तर माणूस बाजूला होतो. पाईपच्या शेजारी माणूस घर बांधतो.

दुसरं उदाहरण जड तेलाचंच. अमेरिकेतलं मिशिगन, जुलै २०१०. पातळ द्रव मिसळलेलं कॅनडाचं जड तेल नेणारा पाईप फाटला. नियंत्रणकक्षात धोक्याच्या घंटा वाजल्या. बसलेल्या माणसांना वाटलं, पाईपमध्ये पोकळी झाली असेल, म्हणून त्यांनी पंप पुन्हा सुरू केले. सतरा तासांहून जास्त वेळ तेल कालामाझू नदीकडे जात राहिलं. कळलं कुणाला? बाहेरच्या एका माणसानं फोन केला तेव्हा. आणि मिसळलेला पातळ भाग उडून गेल्यावर जड तेल तळाशी बसलं, ते काढायला वर्षं लागली.

टँकर गळला तर ड्रायव्हरला वास येतो. पाईप गळला तर पडद्यावरचा आकडा बदलतो, आणि त्या आकड्याचा अर्थ कुणीतरी लावावा लागतो. म्हणून सुरक्षिततेची उपाधी अशी: पाईपच्या कडेला जागं माणूस हवं. वरच्या गावाला खाली काय आहे, वास आला तर कुठला नंबर फिरवायचा, हे माहीत हवं. पिवळ्या खांबावर नंबर लिहिलेला असतो. किती जणांनी वाचलाय? हात वर करा. (थोडा वेळ थांबून) बघा.

स्वच्छ: आणि सांध्याचं काय?

तिसरं विशेषण मी थोडक्यात घेतो. धूर कमी, धूळ कमी, रस्त्याची झीज कमी, सगळं मान्य. जड तेल तापवायची वीज त्यातून वजा करा, तरी बहुधा पाईपलाईनच पुढं राहील. पण 'स्वच्छ'चा दुसरा अर्थ आहे: चोरी नाही, भेसळ नाही. इथं मला एक नाव घ्यावंच लागतं.

मनमाडजवळच्या पानेवाडीचं नाव तुम्हाला माहीत आहे. मुंबईहून पाईपलाईन तिथं येते, आणि तिथून टँकर सुटतात. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथं इंधनाची चोरी होताना पाहिली, थांबले, आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. त्या वेळी सगळे म्हणाले, टँकर बंद करा, सगळीकडे पाईप टाका. मी म्हणतो, नीट बघा. गुन्हा जिथं घडला ती जागा पाईप आणि टँकर यांच्या सांध्याची आहे. पाईप कितीही लांब नेला तरी कुठंतरी तो संपतो आणि टँकर सुरू होतो. सांधा नाहीसा होत नाही, फक्त सरकतो. २७ जुलै २००५ ला, मुंबईच्या प्रलयाच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई हायवर एक जहाज फलाटाशी आलं आणि समुद्रातून वर येणाऱ्या पाईपवर आदळलं. फलाट जळून गेला, बावीस माणसं गेली. तिथं चोरी नव्हती, गुन्हा नव्हता. पण जागा पुन्हा तीच. जहाज आणि पाईप जिथं भेटतात ती. आपण पाईपचे गुण आणि टँकरचे दोष मोजत बसतो, आणि सांध्यावर कोण उभा आहे हे विचारतच नाही.

जमीन: न मोजलेला रकाना

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत वजनदार मुद्दा. तिन्ही विशेषणांत जमीन कुठंच नाही.

आपल्याकडं १९६२ सालचा कायदा आहे, पेट्रोलियम पाईपलाईनसाठी जमिनीत वापराचा हक्क घेण्याचा. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो वाचून मजा वाटेल. सरकार जमीन घेत नाही. मालकी तुमचीच. फक्त जमिनीखालून पाईप टाकायचा 'वापराचा हक्क' घेतला जातो. साधारण १८ मीटर रुंदीचा पट्टा. काम झालं की जमीन पुन्हा तुमच्या ताब्यात, कसायला मोकळी. मात्र त्या पट्ट्यावर इमारत बांधायची नाही, विहीर, तलाव, बंधारा करायचा नाही, झाड लावायचं नाही. कामात पीक-झाडं गेली त्याची भरपाई वेगळी. आणि वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. एकदाच.

हिशोब करू. एक एकराचा चौकोनी तुकडा आहे, चाळीस गुंठे. मधून सरळ पाईप गेला, तर सुमारे अकरा गुंठे त्या पट्ट्यात जातात. ज्वारी पेरणाऱ्याला काही फरक पडत नाही. म्हणूनच कायदा वाचताना तो सौम्य वाटतो. पण सोलापूर जिल्ह्यात शेती म्हणजे काय? डाळिंब, द्राक्ष, बोर. आणि या सगळ्याच्या आधी, विहीर.

माझ्या मावसभावाच्या जमिनीतून अशी एक पाईपलाईन गेली. गावाचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. पैसे मिळाले, सही केली, पट्ट्यातली डाळिंबं काढली. तोही म्हणाला, "देशाचं काम आहे, जाऊ दे." मग दुष्काळ पडला. जुनी विहीर आटली. पाणी बघणारा आणला. तो शेतभर फिरला आणि नेमका त्या पट्ट्यात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "हितं लागंल." शेततळ्याला सोयीची सखल जागाही तिथंच. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली, पण त्याला मागता येईना. उरलेली बाग जगवायला त्यानं पाण्याचे टँकर विकत घेतले. दोन उन्हाळे.

आता बघा काय झालं. ज्या पाईपनं रस्त्यावरचे तेलाचे टँकर कमी केले, त्याच पाईपमुळं माझ्या भावाच्या बांधावर पाण्याचा टँकर आला. पाईपलाईनच्या ताळेबंदात पहिली गोष्ट लिहिलेली आहे, बचत म्हणून. दुसरी कुठंच लिहिलेली नाही. उजनीच्या पाण्याचा प्रश्न मी सुरुवातीला याचसाठी विचारला होता.

'पर्याय' या शब्दाला माझा आक्षेप आहे तो इथं. पर्याय म्हणजे अदलाबदल करता येणाऱ्या दोन गोष्टी. आज हा, उद्या तो. टँकर आणि पाईपलाईन तशा नाहीत. टँकरचा त्रास सगळ्या रस्त्यावर थोडाथोडा वाटला जातो आणि रोज मिटतो. पाईपलाईनचा त्रास थोड्या लोकांच्या वाट्याला येतो आणि पिढी-दीड पिढी राहतो. एकूण बेरीज पाईपलाईनची कमी भरेलही. पण वाटणी वेगळी आहे, आणि नुसती बेरीज बघून न्याय ठरत नाही. वाटणीही बघावी लागते.

माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगतो. साठा मोठा आणि टिकाऊ असेल तिथं पाईपलाईनच हवी. विखुरलेल्या, लहान, उतरणीला लागलेल्या विहिरींचं जड तेल गोळा करायला टँकर हाच शहाणपणा आहे, त्याला मागासलेपण म्हणू नये. आणि जिथं पाईपलाईन होईल तिथं जमिनीच्या मालकाला एकदाच दहा टक्के देऊन मोकळं होऊ नये. पाईप जितकी वर्षं जमिनीत तेल वाहील तितकी वर्षं त्याला भाडं मिळावं. माल रोज जातो, मग मोबदला एकदाच का? पाईपची कमाई दर वर्षी आणि शेतकऱ्याची अडचणही दर वर्षी, तर हिशोबही दर वर्षीच व्हायला हवा. यानं पाईपलाईन महाग होईल, असं म्हणतील. ती महाग होणार नाही. जी किंमत आज माझा मावसभाऊ भरतोय ती फक्त योग्य रकान्यात येईल.

आता तुमचं उत्तर, ड्रायव्हरसाहेब. पाईपलाईन आली म्हणून तुमचं काम गेलं नाही, ते मुंबईहून पाकणीला आलं. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हर संपावर गेले तेव्हा काय झालं आठवतं? पाईपलाईन होती, डेपोत तेल होतं, आणि महाराष्ट्रभर पंपांवर रांगा लागल्या. शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर माणूसच जातो. ज्या हिशोबात तुम्हाला 'काढून टाकायचा खर्च' म्हटलंय, त्याच हिशोबाला तुमच्याशिवाय शेवटची ओळ लिहिता येत नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा या गावानं पाहिलंय, कामगाराला खर्चाच्या रकान्यात टाकलं की पुढं त्याच्या पोरांचं काय होतं ते कुणी मोजत नाही.

एवढंच. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरं

एक विद्यार्थी: सर, उद्या विजेवर चालणारे टँकर आले तर हा वाद संपेल का?

उत्तर: 'स्वच्छ' या विशेषणाचा काही भाग संपेल. धूर जाईल. पण सांधा राहील, रस्त्यावरचा धोका राहील. आणि मजा अशी की टँकर जितका सुधारेल, तितका लहान विहिरींना पाईपलाईन टाकण्याचा मोह कमी होईल. तुम्ही अभियांत्रिकीचे आहात ना? मग एक करा. तुलनेचा तक्ता मांडाल तेव्हा एक रकाना वाढवा: 'हा निर्णय चुकला तर परत फिरायला किती खर्च?' बाकीचं त्यातून आपोआप सुचेल.

एक श्रोत्या: आमच्या गावात पाईपलाईनची मोजणी चाललीय म्हणतात. आम्ही काय करायचं?

उत्तर: ताई, मी वकील नाही, वकिलाला दाखवाच. पण कायद्यात एक गोष्ट आहे. पहिली अधिसूचना निघाल्यावर हरकत घ्यायला २१ दिवस असतात. बहुतेकांचे ते दिवस 'बघू, विचारू' यातच जातात. हरकत म्हणजे विरोधच असं नाही. 'पाईप दहा मीटर बाजूनं न्या, इथं माझ्या विहिरीची जागा आहे' असंही लिहिता येतं. माझ्या मावसभावानं ते लिहिलं नाही, कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही आधी शेतात पाणी कुठं लागेल ते बघून घ्या, त्या जागेचा नकाशा काढा, आणि मग लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.